नाशिकला राहिलं म्हणून पगार चार लाखांनी कमी?

पत्र:

"नमस्कार. मी ३७ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरात राहते. कांदा आणि द्राक्षांचे बाजार, निर्यात, साठवणूक या विषयांवर धोरणात्मक काम करणाऱ्या एका संस्थेत टीम लीड आहे. एकूण अनुभव अकरा वर्षांचा, हाताखाली चार संशोधक. पगार ७२ हजार, त्यात बेसिक ३६ हजार. करार दर ३१ मार्चला संपतो आणि १ एप्रिलला नवा होतो. या संस्थेत चार वर्षं पाच महिने झाले, नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे.

मुंबईतल्या एका धोरण संशोधन संस्थेनं 'पॉलिसी मॅनेजर' म्हणून १८ लाखांची सीटीसी (संस्थेला माझ्यावर पडणारा वर्षाचा एकूण खर्च) सांगितली, पाच जणांची टीम. घरची अडचण सांगितल्यावर म्हणाले, नाशिकहूनच काम करा, महिन्यातून दोनदा मुंबईला या, पण मग १४ लाख. दिल्लीत एका केंद्रीय मंत्रालयाच्या पीएमयूमध्ये (प्रकल्प व्यवस्थापन कक्षात) एजन्सीमार्फत महिना १ लाख ६० हजार मिळतात, करार ११ महिन्यांचा. मुंबईत दोन खोल्यांच्या घराला ४५ हजार भाडं सांगतात. नाशिकचं घर आमचं आहे, भाड्यानं दिलं तर १६ हजार येतील. मिस्टरांचं काम कुठूनही चालतं, मुलगा पाचवीत आहे. देश एक, काम एक, मग आकडे इतके वेगळे कसे? आणि यातला कोणता धरायचा?"

उत्तर:

निर्णय आधी सांगतो, कारणं नंतर. नाशिकहून काम करण्याची ऑफर घ्या, पण १४ लाखांना घेऊ नका. ती १६ लाखांच्या जवळ आणा, प्रवासखर्च सीटीसीच्या बाहेर काढून घ्या आणि हुद्दा व श्रेणी मुंबईच्या मॅनेजरइतकीच ठेवून मागा. दिल्लीचं काम अनुभवासाठी घ्यायचं असेल तर जरूर घ्या. पैशांसाठी ते घेण्यात अर्थ नाही, कारण तिन्हींत सर्वांत मोठा दिसणारा तो आकडा प्रत्यक्षात मुंबईच्या आकड्याहून लहान आहे.

आता हे तिन्ही आकडे एका पातळीवर आणू. १८ लाखांत बेसिक निम्मं, म्हणजे ९ लाख धरा. त्यातून मालकाच्या वाट्याचा पीएफ १ लाख ८ हजार, ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्क्यांची तरतूद ४३ हजार आणि गट विम्याचा हप्ता साधारण २० हजार वजा केला की पगारपत्रकावर येणारी रक्कम उरते १६ लाख २८ हजार ७००. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि २०२५-२६ चे टप्पे लावले, तर सेस धरून कर १ लाख १७ हजार ६०० होतो. तुमच्या वाट्याचा पीएफ आणि २,५०० रुपये व्यवसाय कर काढल्यावर महिन्याला बँकेत १ लाख १६ हजार ७०० पडतील.

हीच रीत १४ लाखांना लावा. बेसिक ७ लाख, पगारपत्रकावर १२ लाख ६२ हजार ३००. त्यातून ७५ हजार वजा केले की करपात्र उत्पन्न ११ लाख ८७ हजार होतं. ते १२ लाखांच्या आत असल्यानं सूट मिळून कर शून्य. हातात महिना ९८ हजार. कागदावरचा चार लाखांचा फरक हातात येईपर्यंत महिना १८,७०० वर येतो.

मुंबईला घर हलवलंत तर १ लाख १६ हजार ७०० मधून ४५ हजार भाडं जाईल. नाशिकच्या घराचे १६ हजार मिळवले तर ८७,७०० उरतात. ते घर तुमच्या नावावर असेल तर भाड्याच्या उत्पन्नावरही कर आहे. तीस टक्के प्रमाणित वजावट घेऊनही महिन्याला दोनेक हजार जातील. म्हणजे मुंबईत साडेपंच्याऐंशी हजार आणि नाशिकला ९८ हजार. मुंबईतल्या घराची अनामत, दलाली, मुलाचा नवा प्रवेश आणि सामान हलवणं हे यात धरलेलं नाही. घरभाडे भत्त्यावरची करसवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही, त्यामुळे 'भाडं भरलं की कर वाचेल' हा जुना हिशेब इथे करू नका.

दिल्लीच्या १ लाख ६० हजारांचा प्रकार वेगळा आहे. ते एकत्रित मानधन आहे. महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. एजन्सीनं तुम्हाला कर्मचारी न मानता सल्लागार मानलं, तर व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस कापून महिन्याला १ लाख ४४ हजार जमा होतील. उरलेला कर तुम्हालाच आगाऊ भरायचा असतो. पगारदाराची ७५ हजारांची वजावट तिथे नाही, खर्च दाखवायचे तर पावत्या ठेवाव्या लागतात. करार ११ महिन्यांचा आणि मध्ये एक महिना खंड असेल, तर वर्षाचे १७ लाख ६० हजार होतात. खर्चाची वजावट धरली नाही तर कर सेससह १ लाख ५८ हजार. बारा महिन्यांवर पसरवले की महिना १ लाख ३३ हजार ५००. मुंबईच्या नोकरीत पीएफचे दोन्ही वाटे मिळून महिन्याला १८ हजार साठतात. तेवढेच इथे स्वतः बाजूला टाका, ग्रॅच्युइटी आणि विम्यापोटी आणखी ५,३०० काढा. राहतात १ लाख १० हजार २००. मुंबईपेक्षा साडेसहा हजारांनी कमी, आणि त्यातून दिल्लीचं भाडं व घरी येण्याजाण्याचा खर्च अजून बाकी आहे.

दिल्लीबाबत एक सावधगिरी. मानधन वर्षाला २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नोंदणीची गरज नाही. सोबत कुठे व्याख्यानं, एखादं अहवाल-लेखन अशी फी घेतलीत आणि बेरीज २० लाखांपुढे गेली, तर नोंदणी करावी लागते. करारात 'मानधन सर्व करांसह' असं लिहिलं असेल तर तो १८ टक्के तुमच्या खिशातून जातो. शब्द 'करांव्यतिरिक्त' असे करून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, काम एक असताना आकडे वेगळे का. याची दोन कारणं आहेत, शहर आणि पैसे देणारा. लोक शहराला फार महत्त्व देतात. शहराचा वाटा किती असावा याचं एक मोजमाप सरकारनं स्वतःच केलेलं आहे, ते बघा.

केंद्रातला अवर सचिव वेतन स्तर ११ मध्ये असतो, मूळ वेतन ६७,७०० पासून. त्याच स्तराचा अधिकारी मुंबईत किंवा नाशिकमध्ये नेमला, तर मूळ वेतन तेच राहतं आणि महागाई भत्ताही तोच. १ जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्क्यांनी तो ३९,२६६ होतो. बदलतात फक्त दोन भत्ते. घरभाडे भत्त्यासाठी मुंबई 'एक्स' वर्गात आहे आणि नाशिक 'वाय' वर्गात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून हे दर ३० आणि २० टक्के आहेत, म्हणजे २०,३१० आणि १३,५४०. वाहतूक भत्त्याच्या जास्त दराच्या शहरांत मुंबई, पुणे आणि नागपूर आहेत, नाशिक नाही. त्यामुळे मुंबईत ७,२०० आणि नाशिकला ३,६००, त्यावर महागाई भत्ता धरून ११,३७६ आणि ५,६८८. बेरीज मुंबईत १ लाख ३८ हजार ६५२, नाशिकला १ लाख २६ हजार १९४. फरक १२,४५८ रुपयांचा, मुंबईच्या पगाराच्या नऊ टक्के.

तुमच्या मुंबईच्या संस्थेनं नाशिकसाठी १८ वरून १४ केले, म्हणजे २२ टक्के कापले. हा आकडा वाटाघाटीत तोंडपाठ ठेवा. शहराच्या नावाखाली नऊ-दहा टक्के कमी करायला आधार सापडतो. त्यापुढचे बारा टक्के तुमची घरची अडचण ओळखून लावलेले आहेत. नाशिकची महागाई त्याला जबाबदार नाही.

राज्य सरकारची रचनाही अशीच आहे. मंत्रालयातला सहायक कक्ष अधिकारी एस-१४ या वेतनस्तरात ३८,६०० वर सुरू होतो, कक्ष अधिकारी एस-१७ मध्ये ४७,६०० वर. स्तर पदाला जोडलेला असतो, गावाला नाही. खासगी आणि स्वयंसेवी क्षेत्रात मात्र पदाचा स्तरच लवचिक असतो, आणि खरी तफावत तिथे पडते.

पैसे कोण देतो हे दुसरं कारण, आणि तुमच्या क्षेत्रात तेच मोठं आहे. संस्था परदेशी देणगीवर चालत असेल तर एफसीआरए कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. टीम सांभाळणाऱ्या माणसाचा पगार बजेटात 'प्रशासन' या ओळीत गेला, की तो याच २० टक्क्यांत भाडं, वीज, हिशेबनीस आणि संचालकांबरोबर वाटून घ्यावा लागतो. देणगी वाढली नाही तर तो वाढत नाही. मुख्यतः संशोधन किंवा प्रशिक्षण करणाऱ्या संस्थेत क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्या आणि तिचं विश्लेषण करणाऱ्या माणसांचा पगार मात्र नियमांनुसार प्रशासकीय खर्चात धरला जात नाही. म्हणून एकाच कामाच्या दोन टीम लीडना दोन संस्थांत वेगळे पगार मिळतात. एकीच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये 'समन्वय व व्यवस्थापन' लिहिलेलं असतं, दुसरीच्या 'बाजार समित्यांच्या आवक-भावाच्या माहितीचं विश्लेषण व संशोधकांचं मार्गदर्शन'. अर्थात कागद कामाशी जुळला पाहिजे. तुम्ही खरोखर विश्लेषण करत असाल तर ते लिहून घेण्यात काही गैर नाही, उलट न लिहिणं हाच निष्काळजीपणा आहे.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशांत वेगळा गोंधळ असतो. कंपनी कायद्याच्या नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्यात येत नाही. तरीही अनेक कंपन्या हीच पाच टक्क्यांची पट्टी संस्थेच्या बजेटला लावतात आणि संस्था ती निमूट मान्य करते. मग देखरेख करणाऱ्याचा पगार त्यात कोंबला जातो. मुंबईच्या संस्थेचा पैसा सीएसआरचा असेल, तर तुमचं पद प्रकल्पाच्या ओळीत आहे की प्रशासनाच्या, हे मुलाखतीतच विचारा.

पीएमयूमध्ये पैसे सरकारचे, पण ते तुमच्यापर्यंत एजन्सीतून येतात. निविदेत प्रत्येक पदाचा 'मॅन-मंथ' दर, म्हणजे एका माणसाच्या एका महिन्याच्या कामाचा दर असतो. त्या दरातून एजन्सी आपला खर्च आणि नफा काढते आणि उरलेलं माणसाला देते. निविदेची कागदपत्रं संबंधित संकेतस्थळावर बघता येतात, महाराष्ट्र शासनाच्या निविदा महाटेंडर्सवर असतात. त्यातलं टीम लीडरच्या पात्रतेचं पान वाचा. किती वर्षांचा अनुभव मागितला आहे आणि हाताखाली किती माणसं दाखवली आहेत, हे कळलं की तुम्हाला कोणत्या पदावर बसवून कोणत्या पदाचे पैसे देत आहेत ते उघड होतं. तुलनेसाठी निती आयोगाचे एकत्रित मानधनाचे पट्टे बघा. ८ ते १५ वर्षांच्या अनुभवाच्या सल्लागाराला १ लाख ४५ हजार ते २ लाख ६५ हजार असा पट्टा आहे. अकरा वर्षांच्या अनुभवाला १ लाख ६० हजार म्हणजे पट्ट्याच्या तळाशी.

शहराचा संबंध आहे तो निर्णय कुठे होतो याच्याशी. ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी आली. आदेश दिल्लीतून निघाला आणि लिलाव लासलगावात बंद पडले. ४ मे २०२४ ला बंदी उठली तेव्हा किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क आलं. १ एप्रिल २०२५ ला उरलेलं २० टक्के शुल्क गेलं. हे तिन्ही निर्णय दिल्लीत झाले, त्यामुळे धोरणाचं काम करणाऱ्या माणसांसाठी दिल्लीत आणि मंत्रालयाच्या आसपास संस्थांना जास्त पैसे मोजावे लागतात. तिथे तीच माणसं चार जणांना हवी असतात. नाशिकला अशी राज्यस्तरीय कार्यालयं मोजकीच आहेत. आदिवासी विकास आयुक्तालय इथे आहे, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्यामुळे त्या दोन विषयांत इथे बसूनही बरी पदं निघतात. कृषी बाजाराच्या विषयात पद देणारा बाहेरचा, पण माहिती मात्र इथली.

तुमची बाजू बळकट होते ती इथेच. सोमवारी सकाळी बाजार समितीच्या आवारात किती ट्रॅक्टर उभे आहेत, उन्हाळ कांदा चाळीत किती टिकला आहे, व्यापाऱ्यानं कोणत्या कारणानं बोली थांबवली, हे मुंबईतल्या कार्यालयाला फोनवर कळत नाही. त्यांना नाशिकमध्ये बसलेली मॅनेजर ही सवलत नाही, त्यांच्या कामाचा भाग आहे. वाटाघाटीची सुरुवात 'मला घरच्या अडचणीमुळे नाशिकहून काम करायचं आहे' अशी झाली आहे, ती बदला. पुढच्या ईमेलमध्ये लिहा की लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि निफाडचं क्षेत्रकाम या पदाच्या कक्षेत येतं आणि मुंबईहून ते करायचं तर दर महिन्याला किती दौरे, किती मुक्काम आणि किती भत्ता लागेल. संस्थेचा वाचणारा तो खर्च आकड्यात मांडा.

आता हुद्द्याबद्दल, कारण 'पॉलिसी मॅनेजर' या दोन शब्दांनी काहीच ठरत नाही. कन्सल्टिंग कंपनीत मॅनेजर म्हणजे ग्राहकाकडून फी वसूल होईल अशा कामाचा जबाबदार माणूस. संस्थेत तो टीमचा प्रमुख असतो, कधी फक्त समन्वयक. पगाराचा स्तर ठरतो तो अधिकारानं, म्हणून ऑफर लेटर येण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा. पाच जणांचं वार्षिक मूल्यमापन तुम्ही करणार की वरचा संचालक? किती रुपयांपर्यंतचा खर्च तुमच्या सहीनं मंजूर होतो? विभागाला जाणाऱ्या टिपणीवर नाव कुणाचं, आणि सचिवांसमोर बसणार कोण? नवीन माणूस घेताना किंवा काढताना तुमचं मत निर्णायक आहे का? या चारपैकी एक-दोनच 'हो' आली, तर ते पद वरिष्ठ संशोधकाचं आहे आणि त्याला मॅनेजरचं नाव दिलं आहे. चारही 'हो' असतील आणि पगार नाशिकचा म्हणून कापत असतील, तर जबाबदारी पूर्ण आणि मोबदला अपुरा, एवढं त्यांना स्पष्ट सांगता येतं. चारही अधिकार नाशिकहून वापरता येतात का, हेही बघा. टीम मुंबईत आणि तुम्ही इथे असाल, तर मूल्यमापन आणि मंत्रालयातल्या बैठका हळूहळू मुंबईतल्या कुणाकडे तरी सरकतात. तसं झालं की दुसऱ्या वर्षी 'तुमची जबाबदारी कमी आहे' असं म्हणून वाढ रोखतात. म्हणून विभागाच्या बैठकांना तुम्हीच जाणार, हे जॉब डिस्क्रिप्शनमध्ये हवं. त्या बैठकांची वेळ ऐनवेळी बदलते, सकाळची बैठक दुपारवर जाते आणि संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस चुकते. म्हणून मुक्कामाचा खर्च मंजूर असणं गरजेचं आहे.

आकड्याच्या वाटाघाटीत एक सापळा टाळा. एचआर तुमची सध्याची पगाराची स्लिप मागेल आणि '७२ हजारांवर ३० टक्के वाढ' असं बोलेल. ते ९३,६०० होतात, वर्षाचे ११ लाख २३ हजार. त्या बाजूनं बघितलं की १४ लाख उदार वाटतात. तुमचा नाशिकचा जुना पगार हा नव्या पदाच्या किमतीचा पाया नाही. स्लिप द्यायची तर द्या, पण बोलणं या श्रेणीच्या किमान आणि कमाल पगारावर न्या. श्रेणीचा पट्टा विचारा. स्वयंसेवी संस्थांच्या पारदर्शकतेचे निकष ठरवणाऱ्या क्रेडिबिलिटी अलायन्सचे निकष पाळणाऱ्या संस्थांच्या वार्षिक अहवालात शेवटच्या पानांवर कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या टप्प्यांचा तक्ता आणि सर्वाधिक पगाराचा उल्लेख असतो. तो आधी वाचून जा. सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांत माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली प्रत्येक अधिकाऱ्याचं मासिक वेतन स्वतःहून जाहीर करायचं असतं, त्यामुळे तिथले आकडे मागावेही लागत नाहीत.

मागणी अशी ठेवा. सीटीसी १६ लाख, म्हणजे ११ टक्के कपात, सरकारी फरकापेक्षाही थोडी जास्त. त्यांना नकार द्यायला कारण उरत नाही. कपात टक्क्यांत लिहू देऊ नका, रुपयांत लिहून घ्या. 'मुंबई श्रेणीचा पगार, त्यातून वार्षिक २ लाख स्थानिक समायोजन' असं लिहिलं तर पुढची वाढ १८ लाखांवर मोजली जाते आणि वजावट २ लाखांवरच थांबते. टक्क्यांत लिहिलं तर ती दरवर्षी पगाराबरोबर वाढत जाते. मुंबईला हलावं लागलं तर समायोजन त्याच महिन्यापासून रद्द, हेही एका ओळीत यावं. उलटी अटही तपासा. काही पत्रांत 'कामाचं ठिकाण बदलल्यास वेतनाचं पुनरावलोकन' असं मोघम वाक्य असतं, त्याच्या आधारे पुढे पगार कमी करता येतो.

१६ लाखांचा हातातला आकडा आधीच माहीत असू द्या, नाहीतर पहिल्या स्लिपला निराशा होईल. बेसिक ८ लाख, करपात्र उत्पन्न १३ लाख ७० हजार ५००, कर ८९ हजार, हातात महिना १ लाख ४ हजार ८००. सीटीसी दोन लाखांनी वाढूनही हातात महिन्याला ६,८५० च वाढतात, कारण १२ लाखांची रेषा ओलांडल्यानं शून्याचा कर ८९ हजार होतो. म्हणून ते १६ ला तयार झाले नाहीत तर आकड्यासाठी अडून बसू नका, १५ लाख घ्या आणि रचना बदलून मागा. बेसिक साडेसात लाख, त्याच्या १४ टक्के, म्हणजे १ लाख ५ हजार, मालकाच्या वाट्याचं एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) सीटीसीतूनच. ही वजावट नव्या करप्रणालीतही मिळते. करपात्र उत्पन्न ११ लाख ७४ हजारांवर येतं, कर शून्य, हातात ९६,४००, आणि एनपीएसचे १ लाख ५ हजार दरसाल निवृत्तीसाठी, शिवाय पीएफ वेगळा. एनपीएसचा बहुतांश पैसा बरीच वर्षं अडकतो, घराचं कर्ज किंवा मुलाची फी डोक्यावर असेल तर ही रचना तुमच्यासाठी नाही.

मुंबईच्या फेऱ्यांचा खर्च सीटीसीत अजिबात घेऊ नका. महिन्यातून दोन फेऱ्या, मुक्कामासह फेरीला चार हजार धरले तर वर्षाचे ९६ हजार होतात. ते 'प्रवास भत्ता' म्हणून पगारात आले तर करपात्र ठरू शकतात. बिलं देऊन परतफेड म्हणून घेतले तर ते तुमचं उत्पन्नच नाही. नियुक्तीपत्रात 'आधार ठिकाण: नाशिक' हे शब्द हवेतच. ते नसतील तर मुंबईचं कार्यालय हेच तुमचं कार्यालय ठरतं आणि तिथवरचा प्रवास तुमचा खासगी मानला जातो. हिशेबाच्या माणसानं पहिल्याच बिलावर हे कारण देऊन परत पाठवणं नेहमीचं आहे.

एक वाक्य मात्र दिसलं तर थांबा: 'सदर पद निधीच्या उपलब्धतेच्या अधीन'. निधीचा करार कधी संपतो ती तारीख विचारा. दीड वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल, तर निधी संपल्यास किमान तीन महिन्यांचा पगार ही अट मागा. तुम्ही ९० दिवसांची नोटीस देणार आणि ते ३० दिवसांत मोकळं करणार, अशी असमान अट नव्या पत्रात असेल तर तीही तिथेच सरळ करून घ्या.

आणि राजीनामा देण्याआधी तुमच्या सध्याच्या संस्थेतली ग्रॅच्युइटी. पाच वर्षं सलग सेवा असेल तर ३६ हजार बेसिकवर १५/२६ च्या सूत्रानं १ लाख ३ हजार ८०० होतात, करमुक्त. तुमची चार वर्षं पाच महिने झाली आहेत. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर पाच वर्षं पूर्ण धरावीत, असं मद्रास उच्च न्यायालयानं म्हटलेलं आहे. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी काम असलेल्या आस्थापनेत हे दिवस १९० असतात. सगळी कार्यालयं हे मानत नाहीत, पण ९० दिवसांची नोटीस पूर्ण भरलीत तर तुम्ही चार वर्षं आठ महिन्यांवर पोचता, म्हणजे मागणी करण्याइतकी बाजू तयार होते. म्हणून नोटीस विकत घेऊन लवकर निघण्याची घाई करू नका, आणि मुंबईच्या संस्थेनं 'बायआउट आम्ही देऊ' म्हटलं तरी नको म्हणा. तुमचा करार दरवर्षी नव्यानं होत असेल तर तो मुदतीचा करार आहे का, हेही बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते, पाच वर्षांची अट त्याला नाही. सर्व करारांच्या प्रती, ३१ मार्च आणि १ एप्रिलच्या दरम्यान खंड न पडल्याचा पुरावा म्हणून त्या दोन महिन्यांच्या स्लिपा आणि पीएफ पासबुकातल्या नोंदी आधी काढून ठेवा. संस्थेचा ईमेल बंद झाल्यावर या गोष्टी मिळवायला फार खेटे घालावे लागतात. नव्या पत्रात वेतनाचं परिशिष्ट सहीनिशी आलं, की त्यानंतरच राजीनाम्याची तारीख टाका.